खाली करा

उल्हासनगरच्या इमारती पडतात, कारण लोकांनी डोळे उघडे ठेवून बेकायदा घरं घेतली. आणि सिंधी म्हणजे पैसेवाला, तो बघून घेईल. हे माझं मत होतं आणि चारचौघांत मी ते बोलायचो. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत तिथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या दुर्घटनेत ७ माणसं गेली. त्या रात्री माझ्या तोंडून आधी निघालं ते हेच, की नोटिसा देऊनही हलत नाहीत ना! हळहळ नंतर आली. त्याची मला शरम वाटते.

मी कल्याणचा, त्यामुळे इतिहास ऐकून माहीत होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं उल्हासनगर झालं. पत्ता आजही ‘कॅम्प नंबर तीन’ असाच सांगतात. मला मात्र दुकानांचे मालक तेवढे दिसायचे, त्याच दुकानांत पगारावर उभे राहणारे सिंधी कधी दिसलेच नाहीत.

स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या मित्राबरोबर एकदा तिथल्या एका इमारतीत गेलो. वरच्या मजल्यावर पापड लाटून विकणाऱ्या एक विधवा बाई राहायच्या. स्वयंपाकघराच्या छताचं प्लास्टर गळून सळया उघड्या पडलेल्या, गंजाचे पापुद्रे सुटलेले. मित्राने हातोडी मारली तर पोकळ आवाज आला. मधोमध लोखंडी टेकू, त्यालाच दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. मी आवाज चढवून विचारलं, “मावशी, जिवापेक्षा घर मोठं का?”

त्या वाद घालत बसल्या नाहीत. पलंगाखालून एक पिशवी काढली. सासऱ्यांच्या नावची, बराकीतल्या खोलीची सनद. ती खोली बिल्डरला देऊन फ्लॅट घेतल्याचा करार. लाइट बिलं. “आज खाली करते, भाऊ. परत कुठे यायचं, ते लिहून देता? सासऱ्यांनी सिंधमधल्या घराला कुलूप लावून चावी बरोबर आणली होती.”

मी मित्राकडे पाहिलं. त्याने मान हलवली. इमारतीचा नकाशा मंजूर नव्हता, म्हणून बँक कर्ज देत नव्हती आणि पुनर्विकासाला कोणी फिरकत नव्हतं. इमारत पाडली की या बाईंकडे ती पिशवीच उरणार. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं, आणि तरी मीच त्यांना अक्कल शिकवायला निघालो होतो. जिना उतरताना मित्राशी एक शब्द बोलवला नाही.

ऑडिटमध्ये ‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत. ‘सी-२बी’ची दुरुस्ती माणसं राहत असतानाही होते. पण खर्च वर्गणीतून करायचा, आणि चार घरांकडे पैसे नसले की काम थांबतं. सळया मात्र गंजत राहतात. अशा किती इमारती वेळेत सावरता आल्या असत्या!

म्हणून आता माझं म्हणणं असं: ‘खाली करा’ ही नोटीस द्यायची तर तिच्यासोबत भाड्याचे पैसे आणि परतीच्या हक्काचा कागद द्या, आणि जी इमारत सावरता येते तिला सरकारी पैसा द्या. आमच्या सोसायटीत विचारतात, आपल्या करातून का? हो, माझ्याही करातून.