सहा इंचांवर तोललेलं घर

जानेवारीतली सकाळ. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीपासून जेमतेम वीस मैलांवर, क्वार्टझसाइट नावाचं गाव उन्हात अंग शेकत बसलेलं असतं. गावाच्या दक्षिणेला ९५ नंबरच्या महामार्गावरून एक भलाथोरला पिकअप ट्रक मातीच्या वाटेला वळतो. त्याच्यामागे पस्तीस फुटी घर. खिडक्यांना पडदे, दाराशी पायऱ्या, छपरावर एअरकंडिशनर. वाट पुढे एका कोरड्या ओढ्यात उतरते, म्हणून ट्रक थांबतो. शेजारच्या सीटवरच्या आजीबाई खाली उतरतात, ट्रकच्या मागच्या कोपऱ्याशी जाऊन उभ्या राहतात आणि ट्रकच्या हौद्याची कड व घराचं पोट यांमधल्या फटीवर डोळे लावतात. हात हलला की आजोबांनी पुढे यायचं, तळहात उभा राहिला की जागच्या जागी थांबायचं.

ही फट सहा इंचांची. पुरती वीतभरसुद्धा नाही.

क्वार्टझसाइटची कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या बराच पुढे जातो आणि गाव ओस पडतं. थंडीत मात्र उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेली निवृत्त मंडळी आपापली घरं ओढत इथे येतात. अमेरिकेत त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. गावाजवळची ‘ला पोसा’ ही अकरा हजार एकरांहून मोठी सरकारी जमीन ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’च्या ताब्यात आहे. १९८३ साली सुरू झालेल्या योजनेनुसार परवाना काढला की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने तिथे मुक्काम करता येतो. आखलेल्या जागा नाहीत, दारात नळ नाही, विजेचा खांब नाही. आवडेल त्या झुडपाशेजारी घर उभं करावं, पाणी ठरावीक ठिकाणाहून भरून आणावं आणि संध्याकाळी खुर्ची बाहेर टाकून डोंगरांचे बदलते रंग बघत बसावं. १९६७ पासून दर वर्षी भरणाऱ्या रत्नांच्या आणि खनिजांच्या प्रदर्शनाने तर गावाला जत्रेची कळा येते.

जागा आवडीची निवडायची, पण तिथवर पोचायचं कसं, हा खरा प्रश्न. कारण हे वाळवंट म्हणजे राजस्थानसारख्या वाळूच्या टेकड्या नव्हेत. जमीन बरीचशी सपाट आणि खडीने मढवल्यासारखी घट्ट, पण तिला जागोजाग कोरड्या ओढ्यांनी चिरलेलं आहे. तिथले लोक त्यांना ‘वॉश’ म्हणतात. गावातून जाणारा टायसन वॉश त्यातला नावाजलेला. वर्षातले बहुतेक दिवस त्यात पाण्याचा थेंब नसतो आणि पाऊस झाला की तासाभरात लोंढा येतो. अडथळे ओलांडून अशा पाण्यात गाडी घालणाऱ्याकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याचा कायदाच अ‍ॅरिझोनाने १९९५ साली केला. लोकांनी त्याला ‘मूर्ख चालकांचा कायदा’ असं नाव ठेवलं आहे!

पण पाणी नसतानाही वॉश त्रास देतो, आणि तो या घरांच्या जोडणीमुळे.

या घराला ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे ‘पाचवं चाक’ म्हणतात. नाव घोडागाडीच्या जमान्यातलं आहे. चारचाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं चक्र बसवत, ते पाचवं चाक. ज्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरियात बसून समुद्राचा वारा खाल्ला आहे, ते वळताना नकळत अशाच रचनेवर फिरले आहेत. आज न्हावा-शेवा बंदरात कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरची जोडणीही याच जातीची असते. ट्रेलरच्या नाकाखाली दोन इंच जाडीची पोलादी खुंटी, तिला म्हणायचं किंग पिन. ट्रकवर जबडा असतो, आणि खुंटी जबड्यात बसली की तो मिटतो. पिकअपमध्ये हा जबडा मागच्या बंपरवर नसतो, तर हौद्याच्या आत, मागच्या चाकांच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असतो. घराच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा थेट ट्रकच्या अंगावर येतो. घर बारा हजार पौंडांचं असेल, तर सुमारे अकराशे किलोंचा भार हौद्यात. म्हणूनच बंपरला अडकवलेल्या ट्रेलरपेक्षा ही जोडी रस्त्यावर अधिक स्थिर चालते.

मात्र या सोयीमुळेच घराचं नाक हौद्याच्या डोक्यावर लोंबकळतं. सपाट जमिनीवर मधे साडेपाच-सहा इंच अंतर राहिलंच पाहिजे, असं जाणकार सांगतात. खडबडीत वाटेवर याहून जास्त असेल तर उत्तम.

सहाच इंच का, हे शाळकरी भूमितीने कळतं. जबड्यापासून हौद्याच्या मागच्या टोकापर्यंत अंतर सुमारे चार फूट. ट्रक ओढ्याच्या काठावरून खाली उतरू लागला की त्याचं तोंड खाली आणि शेपूट वर. घर अजून मागे सपाट जमिनीवरच असतं. ट्रकच्या आणि घराच्या चढ-उतारात आठ फुटांना एक फूट एवढा फरक पडला, तर चार फुटांवर तो अर्धा फूट होतो. सहा इंच संपले! गंमत म्हणजे ओढ्याच्या तळाशी, जिथे नवख्याचा जीव सर्वांत जास्त घाबरतो, तिथे ही फट उलट रुंदावते. तिथे काळजी करायची ती घराच्या मागच्या टोकाची, ते जमिनीला घासतं. मग ट्रक पलीकडच्या काठावर चढून सपाटीला आला आणि घर अजून चढावरच असलं, की पुन्हा तोच घास. शिवाय तिरपं वळताना एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं, तर दुसऱ्या बाजूची कड वर उचलली जाते. म्हणून अनुभवी माणसं ओढा शक्यतो काटकोनात ओलांडतात आणि वाट आधी पायी चालून बघतात. आजीबाई मागच्या कोपऱ्याशी उभ्या राहतात, त्याचं कारण हेच.

मग घरच थोडं उंच का करू नये? मूळ दुखणं ट्रकचं आहे. चारही चाकांना जोर देणारे नवे पिकअप उंच होत गेले, काहींच्या हौद्याची कड जमिनीपासून पावणेपाच फुटांच्या आसपास असते. कड वर आली, फट खाली आली. जबडा किंवा खुंटीची पेटी वरच्या-खालच्या भोकांत बसवून नाक उचलता येतं, पण नाक उचललं की घर मागे कलतं. मागच्या आसावर भार वाढतो, टायर तापतात. आसाखालचे पाटे आसावर बसवून अख्खं घरच चार-पाच इंच वर घेता येतं. पण अमेरिकेत बहुतेक राज्यांत वाहनाच्या उंचीची मर्यादा साडेतेरा फूट आहे आणि या घरांचं छप्पर आधीच तिच्या जवळ पोचलेलं असतं. वर पुन्हा दाराची पायरी उंच होते, ती रोज दहा वेळा चढायची सत्तरीतल्या गुडघ्यांनी! शहाणा गिऱ्हाईक म्हणूनच ट्रक आणि घर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दुकानांत, रंग बघून घेत नाही. दोन्ही भरलेल्या अवस्थेत, सपाट जागी, टेपने मोजून घेतो. घर चढवलं की ट्रकची मागची बाजू खाली बसते, तेव्हा रिकाम्या ट्रकवरचं माप फसवं.

एवढं करूनही ही फट कधीकधी ओढ्याशिवायच मिटते. जबडा नीट मिटलेला नसतो, खुंटी त्याच्या वरच टेकलेली असते. आजोबा घराचे पुढचे पाय उचलतात, ट्रक पुढे घेतात, आणि काही टनांचं घर हौद्याच्या दोन्ही कडांवर आदळतं. पत्रा वहीच्या कागदासारखा चुरगळतो. अशा वेळी दुखापत झाली नाही तरी मुक्काम संपतो, कारण पुष्कळांचं ते एकुलतं एक घर असतं. गावातलं विकून त्यांनी हे घेतलेलं. नुसता फाळका उघडायचा विसरून तो वाकवून घेणारे तर कितीतरी, त्याची कहाणी शेकोटीभोवती हसत सांगितली जाते. पहिली कोणी हसत सांगत नाही.

गावात एक थडगं आहे, दगडी पिरॅमिडच्या आकाराचं, माथ्यावर उंट. १८५६ साली अमेरिकी लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणवले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीचं ते थडगं. मुंबईकराला हे नाव वाचून गंमत वाटेल. अमेरिकनांच्या जिभेवर ते ‘हाय जॉली’ झालं. लष्कराचा प्रयोग बारगळला, पण हा माणूस इथेच राहिला आणि १९०२ साली इथेच वारला. स्मारक १९३५ सालचं. त्याच्या उंटांनी हे सगळे वॉश पाठीवर ओझं घेऊन विनातक्रार ओलांडले असणार. पाठ आणि ओझं यांत फटच नव्हती.

एप्रिलचा मध्य जवळ आला की ला पोसा रिकामी होऊ लागते. खुर्च्या मिटतात, टाक्या रिकाम्या होतात. आजोबा ट्रक मागे घेतात, आजीबाई फाळका उतरवतात. खुंटी जबड्यात जाते, खटका वाजतो, तरी आजीबाई विजेरी घेऊन वाकून बघतातच. घराचे पाय अजून जमिनीलाच टेकलेले. आजोबा घराचे ब्रेक लावून ट्रक हळूच पुढे ओढून बघतात. घर हलत नाही, ट्रकही सुटत नाही. मग पाय वर येतात. आजीबाई कोपऱ्याशी जाऊन फटीत दोन मुठी एकावर एक धरून बघतात, पदर नसला तरी पदराला पुसावेत तसे हात पँटला पुसतात आणि गाडीत येऊन बसतात. पुढे तोच ओढा आहे, तिथे त्यांना पुन्हा उतरायचं आहे.