राजगृहाचे वेळुवन आणि आपल्या विहाराचे अंगण

धम्मयात्रेला जाणारे आपले बरेचसे उपासक-उपासिका बुद्धगया, सारनाथ आणि कुशीनगर मनोभावे पाहतात. राजगृहाला मात्र गाडी तास-दोन तासच थांबते. रोपवेने रत्नगिरीवरच्या विश्वशांती स्तूपाकडे जायचे, गरम पाण्याची कुंडे पाहायची, फोटो काढायचे आणि लगेच नालंदेचा रस्ता धरायचा. वेळुवनाच्या वाट्याला दहा मिनिटे आली तर आली. आम्ही वस्तीतले एकोणीस जण गेल्या माघ महिन्यात गेलो, ते मात्र वेळुवनात अर्धा दिवस काढायचा असे ठरवूनच. कारण भिक्खू संघाला दान मिळालेली पहिली जागा ती हीच.

राजगृह, म्हणजे आजचे राजगीर, बिहारच्या नालंदा जिल्ह्यात आहे. गयेहून मोटारीने दोन-अडीच तास लागतात. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये मगधाची जुनी राजधानी. डोंगरमाथ्यावरून गेलेली प्रचंड दगडांची तटबंदी आजही जागोजागी दिसते. गावात अजून टांगे चालतात. आम्ही चार टांगे केले आणि वैभार पर्वताच्या पायथ्याजवळच्या वेळुवनाच्या दारात उतरलो.

विनयपिटकातील हकीकत आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासात ऐकली असेल. तथागत एक हजार जटिल भिक्खूंसह राजगृहाला आले. राजा बिंबिसाराने उपदेश ऐकला आणि तो उपासक झाला. भगवंतांना राहायला जागा कोणती द्यावी, असा विचार त्याने केला. जागा गावापासून फार दूर नको, फार जवळही नको. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सोयीची हवी. दिवसा गर्दी नको, रात्री गोंगाट नको. त्याला आपले वेळूचे बन आठवले. सोन्याच्या झारीने पाणी सोडून त्याने ते बन बुद्धप्रमुख संघाला दिले. त्या आधी भिक्खू झाडाखाली, गुहेत, गवताच्या गंजीजवळ, मिळेल तेथे राहत होते. या दानानंतर तथागतांनी संघाला आराम स्वीकारण्याची परवानगी दिली. आज आपल्या वस्तीत जी विहारे आहेत, त्यांची सुरुवात या बांबूच्या बनात झाली आहे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे अडीचशे परिव्राजकांसह संघात आले तेही येथेच.

आत गेल्यावर मध्यभागी मोठा तलाव लागतो. कलंदक निवाप, म्हणजे खारींना चारा घालण्याची जागा, असे पाली ग्रंथांत या ठिकाणाला म्हटले आहे. खारी आजही आहेत. आमच्यातील मुलांनी खिशातील शेंगदाणे त्यांच्यासाठीच राखून ठेवले होते. तलावाच्या काठी बुद्धमूर्ती आहे. तेथे आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग बांबूच्या बेटांजवळ सावलीला बसलो.

बांबूच्या सावलीला बसण्याचा अनुभव वेगळाच. वारा नसतानाही पाने हलतात, आणि वारा आला की बुंधे एकमेकांना घासून कुरकुर आवाज येतो. माळीकाम करणारे एक वयस्क गृहस्थ बेटातील जुने बांबू काढत होते. आमच्यातील एक ताई गडचिरोलीच्या. त्यांचे बालपण बांबूतच गेलेले. ताईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारपूस सुरू केली आणि ते माळीबाबाही हातातला कोयता खाली ठेवून बोलू लागले. तास कसा गेला ते कळले नाही.

बांबू हे झाड नव्हे, ते गवत आहे. गहू, ज्वारी, ऊस यांच्याच कुळातले, पण वर्षानुवर्षे जगणारे. त्याचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो. पावसाळ्यात कंदातून कोंब वर येतो, तो येतानाच जेवढा जाड असतो तेवढाच जन्मभर राहतो. दोन-चार महिन्यांत तो आपली पूर्ण उंची गाठतो. पुढची तीन वर्षे तो वाढत नाही, फक्त आतून पक्का होतो. म्हणून यंदाचा हिरवा, कोवळा बांबू तोडणे म्हणजे घरातले शिकते पोर शाळेतून काढून कामाला लावण्यासारखे आहे. त्याच्या बळावर पुढच्या वर्षीचे कोंब येणार असतात.

वयाची ओळख अशी. पहिल्या वर्षीच्या बांबूला पेरांवर वाळकी आवरणे चिकटलेली असतात आणि अंगावर पांढरी भुकटी असते. तीन-चार वर्षांचा झाला की आवरणे गळतात, रंग मळकट होतो आणि अंगावर डाग धरतात. काढायचा तो हाच. तोही पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत. जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या अगदी वर कापायचा, म्हणजे खुंटात पाणी साचून कंद कुजत नाही. जुने बांबू बेटाच्या मध्यभागी असतात, नवे कडेला. म्हणून एका बाजूने वाट करून आत शिरायचे आणि घोड्याच्या नालेच्या आकारात आतून साफ करीत यायचे. कडेचे नवे तसेच ठेवायचे. गळलेली पाने झाडून जाळायची नाहीत, ती मुळाशीच कुजू द्यायची. पावसाळ्याच्या तोंडाशी बुडाला मातीची भर द्यायची. एवढे केले तर बेट कित्येक वर्षे टिकते.

बांबूला फुले आली की अरिष्ट येते, अशी समजूत खेड्यांत आहे. त्यामागे दैवी असे काही नाही. मानवेल किंवा कळकासारख्या जातींना कित्येक वर्षांनी एकदाच फुलोरा येतो, बी पडते आणि बेट मरते. बी खाऊन उंदीर वाढतात आणि मग ते शेतावर तुटून पडतात. मिझोराममध्ये १९५८-५९ साली आणि पुन्हा २००६-०७ साली हे घडले. कारण समजले की भीती जाते. तथागतांनी कार्यकारणभाव शिकवला तो अशाच समजुतींतून माणसाला सोडवण्यासाठी.

त्या सावलीत बसल्यावर आमच्या मनात आणखी एक विचार आला. पाली ग्रंथांत त्या काळच्या हीन मानलेल्या कुळांची यादी पुन्हा पुन्हा येते. चांडाल, निषाद, रथकार, पुक्कुस, आणि त्यांच्याच रांगेत ‘वेन’. वेन म्हणजे वेळूकाम करणारे. बांबू राजाच्या बागेत शोभेचा, पण त्याच बांबूची टोपली विणणारा हात विटाळाचा! आपल्या महाराष्ट्रातही सुपे, टोपल्या, परड्या ज्यांनी घरोघर पुरवल्या ते बुरूड बांधव अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. आपल्या पूर्वजांच्या हाती वेसकराची घुंगुरकाठी होती आणि गावच्या मयताची लाकडे वाहण्याचे काम त्यांच्याच माथी होते. काठीशी आपले नाते मानाचे नव्हते.

पण वेळुवनाने कोणाला आत घेतले ते पाहा. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात राजगृहाच्या सुनीत भंग्याची धम्मदीक्षा सांगितली आहे. सुप्रबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची हकीकतही सांगितली आहे, आणि ती याच वेळुवनातली आहे. लोक बसलेले पाहून येथे काही खायला मिळेल म्हणून तो आला, आणि धम्म घेऊन गेला. पुढे तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती याच राजगृहात भरली. तेथे विनय सांगण्याचा मान मिळाला तो उपालीला, जो जन्माने न्हावी होता. जागा कोणी दिली याला महत्त्व आहेच, पण त्या जागेचे दार कोणासाठी उघडले याला अधिक महत्त्व आहे.

गडचिरोलीच्या ताईंनी तेथेच मुलांना आपल्याकडची गोष्ट सांगितली. १९२७ च्या वन कायद्याने या गवताला झाड ठरवले होते. त्यामुळे आपल्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तरी परवान्यासाठी हेलपाटे पडत. मेंढा (लेखा) गावाने चिकाटीने लढून २०११ साली आपल्या जंगलातील बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा हक्क मिळवला. २०१७ साली कायदा बदलला आणि बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला. आता जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला तो अडथळा राहिला नाही. गवताला गवत म्हणायला कायद्याला नव्वद वर्षे लागली!

आमच्या वस्तीतील विहाराच्या मागची जागा दर पावसाळ्यात थोडी थोडी नाल्यात ढासळते. पत्र्याचे कुंपण दोनदा वाहून गेले. सिमेंटची भिंत बांधायची तर वर्गणी जमता जमत नाही, आणि अर्ज केले त्यांची उत्तरे आली नाहीत. जागा मोकळी दिसली की तिच्यावर डोळा ठेवणारेही असतात. राजगृहाहून परतताना गाडीतच चर्चा झाली आणि ठरले की, काठाला बांबू लावायचा. त्याची मुळे मातीला जाळ्यासारखी धरून ठेवतात. शिवाय राखलेले, स्वच्छ अंगण पाहिले की त्यावर हक्क सांगायला कोणी सहसा धजत नाही.

आपल्या विहारात लावायचा असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. काठासाठी कोकणातला माणगा चांगला. त्याला काटे नसतात, तो भरीव असतो. काटेरी कळक मुलांच्या वावराच्या जागी नको. शोभेसाठी पिवळ्या अंगावर हिरव्या रेघांचा बांबू घ्यावा. तो दोन-तीन पेरांच्या तुकड्यापासूनही रुजतो. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा, शेणखत आणि माती भरून पहिल्या चांगल्या पावसात रोप लावावे. इमारतीच्या भिंतीपासून दहा फूट तरी अंतर ठेवावे. मोठ्या जातीच्या दोन बेटांत पंधरा फूट हवेत. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते, येथेच बहुतेकांची रोपे मरतात. कोंबांची, म्हणजे विदर्भातल्या वास्त्यांची, भाजी करायची तर कोंब चिरून, उकळून, ते पाणी फेकून द्यावे. कच्चे खाऊ नयेत.

चाळीत राहणाऱ्यांनी निराश होऊ नये. ज्याची पेरे घटासारखी फुगतात असा एक बुटका बांबू अर्ध्या पिंपात छान येतो. रोपवाटिकेत त्याला ‘बुद्धा बेली’ म्हणतात. ते नाव चीनमधील ढेरपोट्या हसऱ्या भिक्खूवरून आलेले आहे, गौतम बुद्धांशी त्याचा संबंध नाही. कुंडीत मुळे आवळली आणि पाणी बेताचे असले की त्याची पेरे फुगतात. तोच मोकळ्या जमिनीत लावला की सरळ उंच जातो. जागा मिळाली की वाढ कशी बदलते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. पिंपाला तळाशी भोके ठेवावीत आणि दोन-तीन वर्षांनी कंद फोडून नवी माती भरावी.

काचेच्या भांड्यात लाल फीत बांधून विकला जाणारा ‘लकी बांबू’ मात्र बांबूच नव्हे. ती आफ्रिकेतली दुसरीच वनस्पती आहे. टेबलावर शोभेला ठेवायला हरकत नाही, पण त्याने घरात पैसा येतो या भूलथापेला बळी पडू नका.

यंदाच्या आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल, तोच लावणीचा हंगाम. आमच्या विहारात अकरा खड्डे खणून तयार आहेत. एकेका खड्ड्याची दोन वर्षांची पाण्याची जबाबदारी एकेका कुटुंबाने नावानिशी घेतली आहे. सात खड्डे महिला मंडळाकडे आहेत. तुमच्या विहाराला अंगण असेल तर या आषाढीला तुम्हीही निदान एक बेट लावा. अंगण नसेल तर एक पिंप ठेवा. आणि राजगृहाला जाल तेव्हा वेळुवनाला अर्धा दिवस द्या.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!