चाल

परभणीच्या जुन्या घरात, फडताळाच्या तळाशी, एक नाटकाचं पुस्तक सापडलं. पुठ्ठा गेलेला, पहिली बारा पानं वाळवीनं खाल्लेली. नाटक कोणतं, कळायला मार्ग नाही. पण उरलेल्या पानांत पदांच्या डोक्यावर बारीक टाइपात छापलेलं होतं, ‘चाल’. आणि पुढं दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे दोन-तीन शब्द.

जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत ही रीतच होती. पद बांधायचं ते लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्यावर, आणि वर त्या गाण्याची नुसती खूण द्यायची. पुढचं वाचणाऱ्याला येतंच, हे गृहीत. खेड्यात पत्ता सांगतात तसं : चिंचेपासून डावीकडं वळा. चिंच तोडल्याला चाळीस वर्षं झालेली असतात.

या चाली आल्या तरी किती वाटांनी! अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळींची उर्दू ‘इंद्रसभा’ पाहिली आणि १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. ते गुर्लहोसूरचे, त्यामुळं कानडी चाली त्यांच्या कानातल्याच. साक्या-दिंड्या कीर्तनातून आल्या. १९११च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरब ठुमरीचा रंग आणला. १९१९च्या ‘एकच प्याला’ला चाली दिल्या त्या गाणाऱ्या सुंदराबाईंनी. बैठकीतल्या ज्या गाण्यांना सभ्य घरात मज्जाव, त्यांच्याच वळणानं नाटकातली पतिव्रता सिंधू रडली आणि अख्खा महाराष्ट्र तिच्याबरोबर रडला. गंमतच म्हणायची.

माझ्या पुस्तकातल्या एका पदावर तीन उर्दू शब्द होते, छापखान्यात जरा वाकलेले. परभणी १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. उर्दू शाळेत, कचेरीत, बाजारात. आजोबांना त्या तीन शब्दांत अडखळायचं कारणच नव्हतं. मी मात्र ते कागदावर उतरवून घेतले आणि फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसात एका म्हाताऱ्या कव्वालापुढं जाऊन बसलो. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत दिला.

“ऐसे मुखडे के दस गाने रहते मियाँ. धुन सुनाव, गाना मैं बताता.”

धुनच तर शोधत होतो!

मग गंगाखेडची आत्या आठवली. आजोबा पदं म्हणायचे, तिनं ऐकलेलं. गहू निवडत बसली होती. पदाचे शब्द मी वाचले, तर दुसऱ्या ओळीला तिनं हातानंच थांबवलं आणि मान खाली घालून पुढचं सगळं म्हणून दाखवलं. कोणत्या नाटकातलं, विचारलं. “मला काय म्हाईत बाबा? नाना म्हनायचे, आमी ऐकायचो.”

ताडकळस तिथून फार लांब नाही. तिथल्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ साली ध्वनिमुद्रित झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गावोगाव फिरून जमवल्या, त्या कामात. कागदावर गंगूबाईंची ओवी वाचली तर सीतेच्या वनवासाचं साधं गाऱ्हाणं वाटतं. ध्वनिफितीवर ऐकली की हातातलं काम थांबतं. ओवीच्या डोक्यावर ‘चाल’ कुणी छापली नसती. ज्या बाईनं दळलं तिला ती सांगावी लागत नव्हती.

आत्याचं पद मी मोबाइलवर घेतलं. एक मिनिट, चाळीस सेकंद. पुढच्या उरुसात त्याच कव्वालांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं, मांडीवर बोटांनी ठेका धरला, मग हसले.

“ये ग़ज़ल कहाँ की? ये तो चक्की है, मियाँ.”

खरंच होतं. आत्यानं उभा जन्म दळण दळलं होतं. नाटकाचं पद तिच्या गळ्यात कधी ओवीसारखं घोळायला लागलं, तिलाही कळलं नसणार. त्या तीन शब्दांचं गाणं काही मला सापडलं नाही. पुस्तकात मात्र त्या पदावर, छापील ओळीच्या शेजारी, पेन्सिलनं लिहून ठेवलंय : चाल – गंगाखेडच्या आत्याची.