आजीच्या रेशन कार्डावरची मॅटाडोर

लहानपणी आमचा पत्ता विचारला की मी 'काचीगुडा, हैद्राबाद' सांगायचे. वर्षातले सात-आठ महिने मात्र आम्ही मॅटाडोरमध्येच असायचो. आणीबाणीनंतर बाबांनी बँकेची नोकरी सोडली, आडनावही सोडलं आणि सेकंडहँड गाडी घेतली. मागे पुस्तकांच्या पेट्या, वर सतरंज्या, वातीचा स्टो आणि आम्ही दोघी बहिणी. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधेच. डिसेंबरात जहिराबादच्या रस्त्यावर त्याच्या झाकणावर पाय ठेवून झोपायचो. उन्हाळ्यात तेच झाकण चटके द्यायचं.

लोक आम्हाला हिप्पी म्हणायचे. खऱ्या हिप्प्यांचा युरोपहून गाडीनं येण्याचा रस्ता १९७९ मध्ये इराण-अफगाणिस्तानात बंद पडला. आमचा नांदेड-परभणीकडे चालूच होता! बाबांना नामांतराच्या बाजूनं बोलायचं असे. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. आम्ही तिथे कपडे, वह्या घेऊन जायचो. १९५६ पर्यंत मराठवाडा हैद्राबाद राज्यातच असल्यानं तिकडे आमचे नातेवाईक भरपूर. नामांतराचा विषय निघाला की काही घरांत दुसरा चहा यायचा नाही. एका काकूंनी आमच्या पेल्यांची जागा वेगळी केली. आम्ही वस्तीत जेवून आलो होतो ना. आई काही बोलली नाही. पेले स्वतः विसळून पालथे घातले आणि आम्हाला म्हणाली, "चला गं, गाडीत बसा."

शाळेचा प्रश्न आजीनं सोडवला. आमची नावं तिच्या रेशन कार्डावर. दाखल्याच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना बाबांनी कोरा ठेवला, तो आजीनं त्यांच्या मागे भरून टाकला. परीक्षेआधी दोन महिने तीच आमच्याकडून पाढे घोकून घ्यायची. बाबा व्यवस्था नाकारत होते हे खरंच, आणि मला त्यांचा आजही अभिमान आहे. पण गहू-साखर आणि मार्कशीट आजीच्या रांगेतून येत होतं. बाबांच्या भाषणात ती रांग कधी आली नाही.

१९८४ मध्ये आजी अंथरुणाला खिळली. बाबा म्हणाले, "महिनाभर थांबू, मग निघू." आई म्हणाली, "तुम्ही निघा. मी आता इथेच." भांडण नाही, काही नाही. तिनं स्टो उतरवला आणि स्वयंपाकघरात ठेवला. बाबा दोन वर्षं एकटे फिरले. आम्ही बहिणी खूश होतो, हे त्यांना कसं सांगणार?

पुढे गाडी एका चिकनवाल्यानं घेतली. "अम्मा, कायकू रोते? गाडी मस्त है," तो आईला म्हणाला. आई रडत नव्हती, हसत होती. बाबा आत पेपर वाचत बसले होते, उलटा.