पाव्हणं, कुणाकडचं?

परगावी गेलं की लोक देऊळ पाहतात, तळं पाहतात आणि बाजारातून काहीबाही घेऊन परततात. कोल्हापुरात तर अंबाबाई, रंकाळा आणि चपला हे तिन्ही आयतंच हाताशी! पण माझं आपलं मत असं, की गाव पाहायचं तर ते खेळाच्या मैदानावर पाहावं. तिथं माणूस आपला पाहुण्यांसाठी राखलेला चेहरा घरीच ठेवून आलेला असतो.

शिवाजी पेठेतल्या मामांकडे मी गेलो होतो तो त्यांचं बिऱ्हाड आवरायला. मामांनी ऐंशी ओलांडलेली, दृष्टी अधू झालेली. मुलानं मुंबईला नेण्याचा हट्ट धरलेला. बुधवारचं तिकीट आलं होतं. मी वळकटी बांधत होतो, तर मामा टोपी घालून दारात उभे.

"ते राहू दे. आज मॅच आहे."

"अहो मामा, तुम्हांला दिसणार काय?"

"तुला दिसतंय ना? मग झालं तर!"

कोल्हापूर म्हणजे कुस्ती, हे शाळकरी पोरही सांगेल. शाहू महाराज १९०२ साली युरोपला जाऊन आले, तिकडची मोठमोठी क्रीडांगणं त्यांनी पाहिली, आणि १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. मध्ये हौदा, भोवती चढती बैठक. कुठंही बसा, पैलवान दिसतोच. पण याच गावाला फुटबॉलचंही तितकंच वेड आहे, आणि गंमत अशी, की संघांची नावं तालमींची! पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. लाल मातीत घुमणाऱ्या पोरांना हा चेंडू कसा काय मानवला, कोण जाणे. पण मानवला खरा. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. शाहू स्टेडियमवर शेजारच्या गृहस्थांनी हे मला अशा थाटात सांगितलं, की जणू पोरगं त्यांच्याच ताटात जेवून मोठं झालं!

मग त्यांनी विचारलं, "पाव्हणं, कुणाकडचं?"

"मी पुण्याचा."

"ते असू द्या हो! कुणाकडचं?"

मी गडबडलो. मामा म्हणाले, "आमच्याकडचा आहे."

झालं! भेळेचा पुडा माझ्यापुढं आला आणि मी पेठेचा झालो.

खेळ सुरू झाल्यावर मी मामांना सांगू लागलो. पण माझं वाक्य संपायच्या आत त्यांना सारं कळलेलं असे. "डावीकडनं घुसला ना?" "खांबाला लागला!" कुठल्या कोपऱ्यातून ओरडा उठला, किती लांबला आणि कुठं तुटला, यावरून त्यांना चेंडू दिसत होता. डोळस मी मागं पडत होतो! शेवटी मी गप्प बसलो, तर म्हणाले, "बोल की. तुझा आवाज बरा वाटतो."

सामना बरोबरीत सुटला. गर्दीतून वाट काढताना मामांनी शेजाऱ्यांना विचारलं, "पुढची कधी?"

"गुरुवारी."

वाटेत ते काही बोलले नाहीत. घरी येऊन टोपी खुंटीला लावली, चाचपत वळकटीपाशी गेले, आणि मी घट्ट बांधलेली दोरी सोडू लागले.

"मुंबईला फोन लाव," ते म्हणाले. "तिकीट शुक्रवारचं कर म्हणावं."