केबलची तार

गेल्या वर्षी मार्च महिन्याच्या अखेरीस आम्ही घरातील केबल टीव्हीची जोडणी बंद केली. एवढ्याशा गोष्टीवर लेख तो काय लिहायचा, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. मलाही तसेच वाटत होते. शहरांतून हे कधीचेच घडून गेले. आमच्या हिंगोलीसारख्या गावातही आता इंटरनेटवरून हवे ते, हवे तेव्हा पाहता येते. मग महिन्याच्या महिन्याला केबलचे पैसे कशासाठी भरायचे, हा मुलाचा प्रश्न सरळ होता आणि त्याचा हिशेबही बरोबर होता. त्याच्या अभ्यासासाठी घरात इंटरनेट आधीच आले होते. केबलच्या सव्वातीनशे रुपयांत आम्ही पाहत होतो फार तर चार वाहिन्या. उरलेल्या वाहिन्या केवळ मोजण्यापुरत्या होत्या.

घरात या प्रश्नावर मत न देणारे एकच गृहस्थ होते, ते म्हणजे माझे वडील. त्यांचे वय आता शहाऐंशी आहे. हिंगोली स्थानकावर मीटरगेजच्या काळात त्यांनी नोकरी केली, १९९७ साली निवृत्त झाले आणि येथेच घर बांधून राहिले. गावात त्यांना अजूनही मास्तर म्हणतात. त्यांचे मत आम्ही विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पट्टी दिसेल ना?" मुलाला पट्टी म्हणजे काय ते कळले नाही, आणि बोलणे तेथेच थांबले.

ही पट्टी समजावून सांगायची तर थोडे मागे जावे लागेल.

मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, पण ते आमचे नव्हते. आमच्याकडे दूरचित्रवाणी आली ती ऐंशीच्या दशकात, १९८४ च्या सुमारास देशभर लहान क्षमतेची प्रक्षेपण केंद्रे उभी राहू लागली त्यानंतर. रेल्वेच्या चाळीत पहिला संच आमच्या घरी आला. उंच बांबूवर ॲन्टेना बसवलेला असे आणि वारा सुटला की एकाने तो फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून "आलं, आलं, गेलं!" असे ओरडायचे. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' दाखवू लागले, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत मुलांना बसायला जागा उरत नसे. ज्या रविवारी फादर हिंगोलीला येत, त्या रविवारी मिस्साची वेळ मालिका संपल्यानंतरची ठेवावी लागे, कारण ज्या घरी मिस्सा व्हायचा त्याच घरी टीव्ही होता! आई पाहुण्यांना चहा देई, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत त्याच खोलीत पांढरे कापड अंथरून वेदी मांडली जाई. कोणाला त्यात वावगे वाटत नसे.

पुढे केबल आली. आखाती युद्धाच्या वेळी, १९९१ मध्ये, मोठ्या शहरांतील हॉटेलांनी परदेशी बातम्या दाखवल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. आणि पाहता पाहता गावोगावचे उद्योगी तरुण गच्चीवर जाळीची प्रचंड थाळी उभारून गल्लीगल्लीत तारा ओढू लागले. सरकारला याची दखल घेऊन कायदा करायला १९९५ साल उजाडले. या कायद्यानुसार त्या काळी केबलचालकाला नोंदणी करावी लागे ती टपाल कार्यालयात. टपालखात्याचा आणि केबलचा काय संबंध, असे तेव्हा वाटले होते. आता वाटते, निवड अगदीच चुकीची नव्हती.

ही तार कशी येत असे, हे आजच्या मुलांना ठाऊक नाही. ती खांबावरून गच्चीवर, गच्चीवरून शेजारच्या कठड्यावर, तेथून पेरूच्या झाडाला वळसा घालून समोरच्या घरात जाई. तांब्याच्या तारेतून जाताना लहर क्षीण होते, म्हणून ठरावीक अंतरावर तिला बळ देणारी लोखंडी पेटी, म्हणजे ॲम्प्लिफायर, बसवावी लागे. त्या पेटीला वीज हवी. ती वाटेवरच्या एखाद्या घरातून घेतली जाई आणि त्याच्या मोबदल्यात त्या घराला केबल फुकट मिळे. आमच्या गल्लीतली ही पेटी आमच्या भिंतीवर आली. बाबांनी नवीन घराचे प्लास्टर वाळण्याआधीच केबलवाल्याला खिळे ठोकू दिले, म्हणून आई चार दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. आमच्या पुढच्या एकवीस घरांचा टीव्ही आमच्या विजेवर चाले. भारनियमनाच्या वर्षांत आमच्या बाजूची वीज गेली आणि पलीकडची राहिली, की दोन मिनिटांत हाक ऐकू येई, "मास्तर, तुमची लाइट गेली का हो?" विजेवर आमचा काय अधिकार! पण बाबा बाहेर येऊन उत्तर देत, आणि मग लोक तेथेच ओट्यावर बसत.

आता पट्टीविषयी. प्रत्येक गावच्या केबलवाल्याची स्वतःची एक वाहिनी असे. तिच्यावर जुने चित्रपट लागत. ते दाखवण्याचा हक्क त्याला होता की नव्हता, हे आम्ही कधी विचारले नाही. मात्र चित्रपटापेक्षा महत्त्वाची होती ती पडद्याच्या तळाशी सरकणारी मजकुराची पट्टी. कापडदुकानातील सवलत, हरवलेली म्हैस, हळदीचा भाव, नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, दहावीत कोण पहिला आला, आणि या सगळ्यांच्या मागून, काळ्या चौकटीत, कोणाचे निधन झाले व अंत्ययात्रा किती वाजता कोठून निघणार. रामलीला मैदानावरचा दसरा ही वाहिनी संपूर्ण दाखवी, आणि गर्दीत आपलेच शेजारी ओळखण्यात घरोघर रात्र जाई. १९९९ हे साल मला दोन कारणांनी आठवते. त्या वर्षी १ मे रोजी हिंगोली परभणीपासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला, आणि त्याच वर्षी अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली. जिल्हा झाल्याचा जल्लोष आम्ही पाहिला तो याच गावठी वाहिनीवर. कॅमेरा थरथरत होता आणि आवाज मागेपुढे होत होता.

माझे वडील मालिका पाहत नसत. संध्याकाळी सातला ते ही वाहिनी लावत, पट्टी एकदा पूर्ण फिरेपर्यंत पाहत आणि टीव्ही बंद करत. आम्ही त्यांची थट्टा करत असू.

यापुढचा इतिहास कंटाळवाणा आहे, तो झटपट सांगतो. सरकारने केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल करायची ठरवली. महानगरांत ते २०१२ मध्ये घडले. आमचा क्रम शेवटच्या टप्प्यात लागला आणि मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ पर्यंत आली. घरोघर सेट-टॉप बॉक्स बसले. प्रत्येक बॉक्सची मोजदाद वर होऊ लागली, त्यामुळे केबलवाल्याने खाली कोणाला फुकट काही देण्याची सोय राहिली नाही. आमची पेटी भिंतीवर राहिली, फुकट जोडणी मात्र गेली. २०१९ मध्ये नवे दर आले. शंभर वाहिन्यांच्या वहनासाठी १३० रुपये, त्यावर अठरा टक्के कर, आणि शुल्क असलेल्या प्रत्येक वाहिनीचे पैसे वेगळे. ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळावे हा हेतू उत्तम होता, पण ते स्वातंत्र्य वापरण्यासाठी जो तक्ता भरायचा होता, तो पाहून बाबांनी चष्मा काढून ठेवला आणि केबलवाल्याला म्हणाले, "तूच काय ते कर." गल्लीत बहुतेकांनी हेच केले. बिल मात्र वाढले.

आणि त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने इंटरनेट येत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर फोनवर चित्रे पाहणे गरिबालाही परवडू लागले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर आम्ही मिस्सासुद्धा फोनच्या पडद्यावर पाहिला. इंटरनेटने काही दिले नाही असे म्हणणारा मी नव्हे. माझ्या पत्नीच्या हातात लग्नानंतर पंचवीस वर्षे रिमोट कधी आलाच नव्हता. तो आधी बाबांकडे, मग माझ्याकडे, मग मुलाकडे असे. आज ती दुपारी स्वयंपाकघरातले आवरून फोनवर हवे ते पाहते: जुनी नाटके, भरतकामाचे धडे, तिच्या माहेरच्या चर्चमधील सणाचे चित्रण. कोणाची परवानगी लागत नाही, कोणासाठी थांबावे लागत नाही. ही लहान गोष्ट आहे असे पुरुषांनी म्हणू नये.

तर जोडणी बंद करायचे ठरले आणि मी केबलवाल्याला निरोप दिला. तो स्वतः आला. तीस वर्षांपूर्वी खांबावर सरसर चढणारा तो तरुण आता पन्नाशी ओलांडलेला, गुडघे दुखत असलेला माणूस आहे. रागावेल असे वाटले होते. पण तो हसून म्हणाला, "करा की बंद, मास्तर. नेटची वायर तरी कुणाची हाय? आमचंच पोरगं टाकून गेलंय." ते खरे होते. त्याच खांबांवरून, त्याच कठड्यांवरून आता काचेचा बारीक तंतू येतो आणि तो त्याच्या मुलानेच ओढला आहे. अनेक गावांत केबलवाल्यांची दुसरी पिढी अशीच टिकून आहे. फक्त या नव्या तारेवर गल्लीचे काही नसते. जे येते ते थेट दूरवरून येते, प्रत्येक घरासाठी निराळे, आणि त्याच घरातही प्रत्येक फोनसाठी निराळे. पैसेही दर महिन्याला न मागता खात्यातून परस्पर जातात. केबलचे पैसे घ्यायला तो येई तेव्हा पाणी पिऊन जाई, आणि कोणाकडे काय दुखणेखुपणे आहे ते सांगून जाई.

निघताना त्याने एक विनंती केली. "पेटी तेवढी राहू द्या. पुढं अजून सात घरं हायत." बाबा ताबडतोब म्हणाले, "पेटीला कोण हात लावतोय?" मुलाने माझ्याकडे पाहिले. विजेचे बिल आमचे आणि केबल आमच्याकडे नाही, हा व्यवहार त्याला समजेना. मी काही बोललो नाही.

मे महिन्यात बाबांचे एक जुने सहकारी वारले. आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहत. दोघांनी मिळून पंचवीस वर्षे रात्रपाळ्या केल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर दर रविवारी ते आमच्याकडे येत; अलीकडे पाय चालेनासे झाल्याने येणे थांबले होते. त्यांची अंत्ययात्रा मंगळवारी निघाली आणि आम्हाला ते गुरुवारी, किराणा दुकानात, कळले. निरोप गेलेच नव्हते असे नाही. मुलांनी आपापल्या व्हॉट्सॲप गटांवर ते कळवले होते. पण त्या गटांत शहाऐंशी वर्षांचा माणूस नसतो. पट्टीवर ते दोन दिवस फिरत होते.

बाबांनी कोणाला दोष दिला नाही. घरी जाऊन बसून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आमच्याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळा येथे, लायगो ही वेधशाळा उभी राहत आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी वर्षांपूर्वी दूरच्या अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, त्याचा अतिसूक्ष्म थरकाप ती येथे टिपणार. जागा निवडली ती येथील शांततेसाठी. मला त्या प्रकल्पाचा अभिमान आहे. पण त्या गुरुवारी रात्री माझ्या मनात तीन गल्ल्यांचे अंतर घोळत होते.

मुलाने आपल्या परीने उपाय शोधला. ती गावठी वाहिनी आता आपली काही चित्रणे यूट्यूबवर टाकते, ती त्याने आजोबांना लावून दिली. दसऱ्याचे चित्रण होते, एका पुढाऱ्याचा सत्कार होता, पट्टी नव्हती. मी पुन्हा केबल घेऊ या म्हणालो. बाबा नको म्हणाले. सातपैकी एक घर अगदी समोरचे आहे. तेथील आजी एकट्याच राहतात. त्यांची मुलगी लातूरला असते. त्यांना फोनवर चित्रे पाहणे जमत नाही आणि शिकायचेही नाही. जूनपासून बाबा रोज संध्याकाळी सातला काठी घेऊन तेथे जातात. आजी खुर्ची पुढे सरकवतात, दोघे पट्टी एकदा पूर्ण फिरेपर्यंत पाहतात, नावे मोठ्याने वाचतात, आणि हा कोणाचा कोण यावर बराच वाद घालतात. परत यायला आठ तरी वाजतात. परवा वीज गेली तेव्हा ते तेथेच होते. पलीकडच्या खिडकीतून नेहमीप्रमाणे हाक आली, "मास्तर, तुमची लाइट गेली का?" आणि समोरच्या घरातून बाबांचाच आवाज आला, "सगळ्यांचीच गेलीय. बसा जरा बाहेर."