बर्गनचा पाऊस

नॉर्वेतल्या बर्गनमध्ये पाऊस कुणी मनावर घेत नाही. वर्षाला दोन मीटरहून जास्त कोसळतो, पण लोक निवांत, रेनकोट घालून कामाला. बंदरावरच्या ब्रिगेन भागातली लाकडी घरं १७०२च्या आगीनंतर जुन्याच धर्तीवर बांधलेली. जराशी कललेली, पण उभी. एका आजींनी आपणहून फ्लोयेन डोंगरावर चढणाऱ्या रेल्वेची वाट दाखवली. १९१८पासून ही गाडी चढ चढतेय. वर पोचलो तर नुसते ढग!

खरा रमलो तो हार्डांगर फ्योर्डला. फ्योर्डकाठच्या उतारांवर सफरचंदाच्या बागा, माथ्यावर बर्फ. हिंडायला आडकाठीही नाही: नॉर्वेत १९५७च्या कायद्यानं रानावनात कुणीही हिंडू शकतं, जमीन खासगी असली तरी. कुंपणवेड्या आपल्याला हे पचायला जडच! शेतात, बागेत मात्र शिरायचं नाही. जाणार असाल तर मे महिन्यात जा. तेव्हा सफरचंदाची झाडं फुलतात.